ताटी आतून लावलेली होती

वाचकहो, ताटीचे अभंग ज्याच्या कानावर पडले नाहीत असा वारकरी शोधून सापडायचा नाही. आळंदी असो की खानदेश, सप्ताहाचा मंडप असो की दिंडीचा मुक्काम, ज्ञानोबाराय उद्विग्न होऊन झोपडीत बसले आहेत, ताटी लावून घेतली आहे आणि धाकटी बहीण बाहेर उभी राहून समजूत घालते आहे, हे चित्र आपल्यापुढे कोणी न सांगताही उभे राहते. अडचण इथेच आहे. जे फार ओळखीचे होते त्याच्याकडे माणूस पाहीनासा होतो. पाठ असलेला अभंग जिभेवरून घसरत जातो आणि त्यात काय आहे ते पाहायचे राहून जाते. असे काव्य शिकणाऱ्याने शिकायचे कसे, याविषयी चार शब्द लिहावेत असे बरेच दिवस मनात होते.

आपल्या मंडळींत एक तक्रार नेहमी ऐकू येते. महाविद्यालयांत संतांचे अभंग 'कविता' म्हणून शिकवतात. कोणी त्यांत समाज शोधतो, कोणी स्त्रीचा आवाज शोधतो, कोणी पाठभेद मोजत बसतो. मग भक्ती राहिली कुठे? पलीकडच्या मंडळींचीही तक्रार आहे. बुवांना एकच अर्थ ठाऊक, तोही ऐकीव, आणि तो बदलायची त्यांची तयारी नाही. मी पन्नासएक वर्षे गादीवर उभा राहिलो. आता गुडघे नाही म्हणतात म्हणून खाली बसून ऐकतो. दोन्ही तक्रारी मी ऐकल्या आहेत आणि दोन्हींत तथ्य आहे असे माझे मत आहे. पण तक्रार करणाऱ्यांनी एखादे प्रकरण समोर ठेवून, बाबांनो, इथे तुमच्या दृष्टीने काय दिसते आणि आमच्या दृष्टीने काय, असे ताडून पाहिल्याचे फारसे आढळत नाही. म्हणून मी ताटीचे अभंगच घेतो.

प्रथम आपली पद्धत. आम्ही शिकलो तेव्हा अर्थ नंतर असे, आधी पाठांतर. हरिपाठ, गीता, मग गाथा, ज्ञानेश्वरीचे अध्याय. पुढे पंचदशी, विचारसागर. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तेव्हापासून हा क्रम कमीअधिक फरकाने चालत आला आहे. पुष्कळांना वाटते की पाठांतर म्हणजे पोपटपंची. तसे नाही. पाठ असलेला अभंग तुमच्याबरोबर शेतात येतो, एस.टी.त बसतो, आजारपणात उशाशी असतो. अर्थ उलगडायला त्याला वेळ मिळतो. पुस्तक मिटले की संपणारे वाचन आणि हे वाचन यांत फरक आहे.

दुसरी गोष्ट चालीची. अभंग नुसता वाचला तर धृपद एकदा वाचून डोळा पुढे सरकतो. कीर्तनात तसे होत नाही. प्रत्येक चरणानंतर टाळकरी धृपदावर येतात, मृदंग त्यांना उचलून धरतो, समोर बसलेले लोक म्हणू लागतात. ताटीच्या अभंगांचे धृपद म्हणजे दार उघडण्याची विनंती. एकटी मुक्ताई ती करत होती. आता पाचशे माणसे करतात. मला कित्येकदा असे झाले आहे की निरूपण विसरून मी नुसता ते धृपद ऐकत राहिलो. हे छापील पानावरून कळणार नाही. ते कळायला उभे राहून टाळ हातात घ्यावा लागतो, आणि माझ्या मते अभंग शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने, मग तो श्रद्धावान असो वा नसो, एकदा तरी घ्यावा.

तिसरी गोष्ट सिद्धांताची. परंपरेत अर्थ लावायला साधने आहेत, पण ती आपण विसरत चाललो आहोत. ग्रंथ हाती घेतला की चार प्रश्न विचारायचे: अधिकारी कोण, विषय काय, संबंध काय, प्रयोजन काय. याला अनुबंधचतुष्टय म्हणतात. तात्पर्य ठरवायचे तर उपक्रम आणि उपसंहार पाहायचा, काय पुन्हा पुन्हा सांगितले आहे ते पाहायचे, त्यात नवे काय, फळ कोणते, स्तुती म्हणून आलेला अर्थवाद कोणता आणि युक्तिवाद कोणता हे निवडायचे. म्हणजे एकाच वचनाकडे अनेक बाजूंनी पाहणे ही कोणा परक्याची रीत नव्हे. ती आपल्या पोथीतच आहे. 'आमचा एकच अर्थ' म्हणणाऱ्याने आपलेच शास्त्र नीट वाचलेले नसते.

ही साधने ताटीला लावली तर सिद्धांत स्पष्ट दिसतो. जग एकाच ब्रह्माचे आहे, मग रागवायचे कोणावर? आपलाच हात आपल्याला लागला तर कोणी हातावर खटला भरत नाही. दातांखाली जीभ सापडली म्हणून कोणी दात पाडून घेत नाही. सारे जग रागाने पेटले तरी संताने पाणी व्हावे. बोचरे शब्द आले तर ते उपदेश म्हणून झेलावेत. विश्व हे वस्त्र आणि ब्रह्म हा त्यातला दोरा. हे मी माझ्या शब्दांत सांगतो आहे. मूळ शब्द तुमच्या ओठांवर आहेतच. गीतेच्या बाराव्या अध्यायातली भक्तलक्षणे, तेराव्यातली क्षांती आणि अहिंसा, त्यांवर माउलींनी केलेला विस्तार, हे सारे या छोट्या अभंगांत घरगुती वेषात आले आहे.

'घरगुती' हा शब्द माझा नाही. तो एका मुलीने मला दिला. आमच्याच पंचक्रोशीतली, वारकरी घरातली पोर, मराठी घेऊन एम.ए. करत होती. तिला ताटीच्या अभंगांवर निबंध लिहायचा होता आणि त्यांच्या सरांनी अट घातली होती की एकाच काव्याकडे निदान चार बाजूंनी पाहून लिहा. संप्रदायाचा अर्थ विचारायला ती आली. म्हणाली, "महाराज, यातले बहुतेक दृष्टांत घरातले आहेत. दात, जीभ, हात, चणे, कपडा, दोरा. शास्त्रातले शब्द भावाला पाठच असणार, म्हणून ती घरातल्या वस्तूंनी बोलते." मी म्हटले, लिही हे. सिद्धांत अद्वैताचा आणि भाषा माजघराची, असे जे आपण नेहमी नुसते अनुभवतो ते तिने बोट ठेवून दाखवले. चणे तेवढे लोखंडाचे आहेत, हेही तिच्या लक्षात आले होते. माजघरातला साधा पदार्थ आणि तो दातांनी फुटायचा नाही असा; ब्रह्मपदाची वाट किती कठीण हे सांगायला मुक्ताईने हाताशी असलेली वस्तूच घेतली आणि तिचा धातू बदलला.

तिने अक्षरे मोजली होती. आपण रोज हरिपाठ म्हणतो तो मोठ्या अभंगात आहे. सहा, सहा, सहा आणि शेवटी चार अक्षरे, असा त्याचा चौक आहे. त्यात विचाराला पसरायला जागा असते, शेवटच्या चार अक्षरांवर तो टेकतो. ताटीचे अभंग छोट्या अभंगात आहेत. साधारण आठ आठ अक्षरांची जोडी, दोन्हींचे यमक जुळलेले, की झाले. अक्षर कुठे एखादे कमीजास्त होते, चालीत ते सामावते. तिचे म्हणणे असे की ही आखूड जोडी म्हणजे दारावरची थाप आहे. एक बोलणे, थोडे थांबणे, पुन्हा एक बोलणे. मध्ये धृपद, म्हणजे पुन्हा थाप. बाहेर उभा असलेला माणूस लांब वाक्ये बोलत नाही. आतून काही चाहूल लागते का ते ऐकत ऐकत बोलतो. हे मला पटले. मीमांसक ज्याला 'अभ्यास' म्हणतात, म्हणजे पुन्हा पुन्हा सांगणे, ते आम्ही तात्पर्याची खूण म्हणून शिकलो. पोरीने तेच ध्वनीच्या बाजूने पाहिले. दोघांचे बोट एकाच जागी पडले, वाट मात्र वेगळी.

पुढची गोष्ट तिने सांगितली ती अशी की या साऱ्या प्रकरणात ज्ञानोबारायांचे उत्तर नाही. एकाच बाजूचे बोलणे आहे. कीर्तनात आपण पुढची कथा सांगतो, ताटी उघडली, माउली बाहेर आले, भावंडे गळ्यात पडली. ती कथा परंपरेने आली आहे आणि ती सांगायला माझी हरकत नाही. पण अभंग संपतो तेव्हा आपण अजून दाराबाहेरच उभे असतो, हे काव्याच्या बाजूने पाहणाऱ्यालाच दिसते. कथेच्या घाईत ते हरवते. आजकाल काही तरुण महाराज मध्ये मध्ये भावंडांचे संवाद घालतात, रडतात, रडवतात, चित्रपटातल्या चालीवर एखादी ओळ घेतात. त्यांना माझे सांगणे आहे की ज्या काव्यात मौन ठेवले आहे तिथे आपण कशाला बोलावे?

आता ताटी या वस्तूविषयी. शहरातल्या मुलांना ताटी म्हणजे सागवानी दार वाटते. ताटी म्हणजे बांबूच्या कामट्यांचा किंवा काटक्यांचा विणलेला हलका पडदा, झोपडीला लावायचा. वाऱ्याने हलतो, फटींतून उजेड येतो, आवाज तर सरळ आत जातो. एखाद्याने खांदा लावला तर ती आत पडायची. मुक्ताईने खांदा लावला नाही. तिने बाहेर उभे राहून सांगितले. ज्याने कधी ताटी पाहिलीच नाही त्याला यातले सौम्यपण कळणार नाही. शब्दकोश उघडून हे मिळत नाही, उलट फसगत व्हायची भीती. नाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीच्या शेवटी हाच शब्द वापरला आहे आणि तिथे त्याचा अर्थ जेवायचे ताट असा आहे.

नाथांचे नाव आलेच आहे तर पाठभेदांविषयी सांगून टाकतो, कारण आपली मंडळी सर्वांत जास्त बिथरतात ती इथे. 'हे अभंग मुक्ताईचेच कशावरून?' असे एखाद्या प्राध्यापकाने विचारले की लगेच त्याला नास्तिक ठरवतात. जरा शांतपणे पाहा. ज्ञानेश्वरीची भाषा आणि ताटीची भाषा शेजारी शेजारी ठेवा. ज्ञानेश्वरीला टिपा लागतात. ताटीचे अभंग आजची आजी नातीला न अडखळता सांगते. भावंडे एका घरातली, एका काळातली, मग भाषेत इतके अंतर का? एक कारण उघड आहे. ज्ञानेश्वरी ग्रंथ म्हणून जपली गेली. शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, नाथ महाराजांनी तिचे पाठ शुद्ध केले आणि पुढे कोणी आपली ओवी त्यात घालील तर ते अमृताच्या ताटात करवंटी ठेवल्यासारखे होईल, असा दमच दिला. अभंगांना असा राखणदार मिळाला नाही. ते जिभांवर राहिले, आणि जीभ प्रत्येक पिढीची वेगळी. छापील गाथ्यांतही या प्रकरणातल्या अभंगांची संख्या सारखी नाही. पुस्तकापुस्तकांत ती बदलते. काही भाग मागाहून कोणा भक्ताने मुक्ताईच्या नाममुद्रेने रचला असावा, असेही अभ्यासक म्हणतात.

यात घाबरण्यासारखे काय आहे? पाठ तपासणे हा श्रद्धेचा शत्रू असता तर नाथांनी तो उद्योग केला नसता. त्यांच्या आधीच्या लोकांनी भोळेपणाने घातलेल्या ओव्या त्यांनी काढल्या, त्या भक्तीला बाधा आली म्हणूनच. विद्यार्थ्याने यातून शिकावे ते एवढेच की 'मुक्ताई म्हणते' हे शब्द जपून उच्चारावेत. अमक्या तिथीला, अमक्या झोपडीपुढे, नेमके हेच शब्द मुक्ताईने उच्चारले, असे गादीवरून ठासून सांगणाऱ्याजवळ त्याचे प्रमाण नसते. आणि 'हे मुक्ताईचे नाहीच' असे ठासून सांगणाऱ्याजवळही नसते. मला स्वतःला वाटते की मूळ गाभा तिचा आहे आणि त्यावर अनेक पिढ्यांचा हात फिरला आहे, देवळाच्या पायरीवर फिरतो तसा. पण हे माझे वाटणे आहे, मी ते सिद्धांत म्हणून मांडत नाही.

इतिहासाची बाजू मी थोडक्यात घेतो. संन्यास सोडून गुरूंच्या आज्ञेने संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांची ही मुले, त्यांना मुंजीचा अधिकार नाकारला गेला, आईबापांना देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले, हे आपल्याला नामदेवरायांच्या चरित्रपर अभंगांतून आणि पुढच्या संतचरित्रांतून माहीत आहे. या पार्श्वभूमीवर ताटी वाचली की तिला वजन येते. पण एक बारकावा विसरू नये. ताटीच्या अभंगांत अपमान कोणी केला, कुठे केला, काय बोलले, याचा तपशील नाही. तो आपण कथेतून आणून भरतो. अभंगाने तो मुद्दाम ठेवला नसेल काय? नाव घेतले असते तर ती एका माणसाविरुद्धची तक्रार झाली असती. नाव नाही म्हणून आज ज्याचा ज्याचा अपमान होतो त्याला ती आपली वाटते.

आणि इथेच, वाचकहो, मला जे सांगायचे आहे त्याशी आपण येतो.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात मी श्रोता म्हणून बसलो होतो. कीर्तनकार तरुण होते, आवाज गोड, पाठांतर चोख. अभंग ताटीचाच घेतला होता. क्षमेवर बोलता बोलता ते बायकांच्या बाजूला वळले. म्हणाले, सासू बोलली, नवरा रागावला, हात उचलला, तरी बाईने पाणी व्हावे. मुक्ताई हेच सांगते. माना डोलल्या. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून घेताना एक माळकरी म्हातारी माझ्याजवळ थांबली. तिला अक्षरओळख नव्हती. हळूच म्हणाली, "महाराज, मुक्ताईनं हे भावाला सांगितलं का भावजयीला?"

इतक्या वर्षांत ताटीवर ऐकलेल्या टीकांमध्ये मला ही सर्वांत मोलाची वाटते. तिने शास्त्रातला पहिलाच प्रश्न विचारला होता: अधिकारी कोण? हा उपदेश कोणासाठी आहे? ताटीतला अधिकारी योगी आहे, ज्ञानी आहे, ज्याच्या हातून जगाचा उद्धार व्हायचा आहे असा समर्थ पुरुष आहे. तो रुसून आत बसला तर जगाचे नुकसान आहे, म्हणून त्याला विनवायचे. स्वतः तरून दुसऱ्यांना तारायचे आहे, हे प्रयोजनही अभंगातच सांगितले आहे. ताटी त्याने स्वतः आतून लावली आहे आणि ती उघडणे त्याच्या हातात आहे. ज्या बाईच्या दाराला बाहेरून कडी घातलेली आहे तिला हा अभंग ऐकवून 'तू पाणी हो' म्हणणे म्हणजे अधिकारी बदलणे. आणि अधिकारी बदलला की अर्थ राहत नाही, शब्द तेवढे उरतात. मारणाऱ्याला क्षमेचा आडोसा मिळतो आणि तोही मुक्ताईच्या नावाने.

बरे, ही मुक्ताई तरी कशी? निमूट सोसणारी आहे काय? चांगदेवांनी कोरे पत्र पाठवले तेव्हा इतकी वर्षे जगून हा कोराच राहिला, असे सरळ म्हणणारी ती. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांना थापटणे घ्यायला लावून कोणते मडके कच्चे ते पाहायला सांगणारी ती. नामदेवरायांसारख्या देवाच्या लाडक्यालाही तिने सोडले नाही. मग तिच्या नावावर बायकांना गप्प बसवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? संप्रदायाला क्षमा ठाऊक आहे आणि कान उघाडणी करणेही ठाऊक आहे; तुकोबारायांची गाथा कुठेही उघडून पाहा. कोणते कधी आणि कोणाला, हा विवेक निरूपण करणाऱ्याकडे पाहिजे.

मी त्या मुलीला म्हातारीचा प्रश्न सांगितला. तिच्या वहीत स्त्रीच्या बाजूने केलेल्या वाचनाचे टिपण होते. कुठल्याशा लेखातून घेतले होते: ताटी म्हणजे पुरुषसत्तेचे दार आणि धृपद म्हणजे त्याविरुद्धचा संताप. मी म्हटले, बाळ, कीर्तनात आम्हाला एक शिस्त असते. सिद्धांत मांडला की संतवचनाचे प्रमाण द्यावे लागते. तुझ्या या सिद्धांताला चरण दाखव. तिने पुष्कळ शोधले. मुक्ताई आपल्या बाईपणाविषयी तक्रार करते असा चरण तिला मिळाला नाही, आणि सूर संतापाचा नाही, काकुळतीचा आणि अधिकाराचा आहे. ते टिपण तिने खोडले.

मग मी म्हटले, आता जे आहे ते पाहा. धाकटी बहीण मोठ्या भावाला उपदेश करते. बोलताना 'तुम्ही' म्हणते, आदर सोडत नाही, आणि तरी उपदेश उपदेशच राहतो, विनवणीत विरघळत नाही. घरात थोरले निवृत्तिनाथ गुरू म्हणून आहेत, पण इथे बोलणारी ती आहे. शेवटी नाममुद्रा तिची आहे. आणि शतकानुशतके फडाफडांतून मोठमोठे पुरुष, पागोटी घातलेले महाराज, उभे राहून तिचे शब्द आपले म्हणून गात आले आहेत. गाताना प्रत्येक जण काही काळ धाकटी बहीण होतो. घोषणेपेक्षा हे मोठे नाही काय? मुलगी काही बोलली नाही, लिहीत राहिली. नंतर तिने निबंध वाचून दाखवला तेव्हा हा भाग तिने माझ्यापेक्षा चांगला मांडला होता. म्हातारीचा प्रश्नही होता, 'एका वारकरी स्त्रीने विचारलेला' म्हणून.

तेव्हा स्त्रीच्या बाजूने पाहणे चुकीचे, असे कोणी म्हणू नये. त्या बाजूने पाहिले नसते तर त्या तरुण महाराजांचे निरूपण खपून गेले असते, जसे आजवर पुष्कळांचे खपले. चूक होते ती आधी निकाल ठरवून मग अभंगाला साक्षीला बोलावण्यात, आणि ती चूक विद्यापीठातले जितकी करतात तितकीच मंडपातले करतात. सगळ्या बाजू सारख्या मोलाच्या आहेत असेही मी मानत नाही. ज्या बाजूने पाहिल्यावर अभंगातला आधी न दिसलेला शब्द दिसू लागतो ती बाजू खरी. जिच्याने एकही नवा शब्द दिसत नाही, फक्त आपले आवडते मत पुन्हा ऐकू येते, ती सोडून द्यावी. सोनोपंत दांडेकर मामा तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते, पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य होते, आणि जोग महाराजांचे शिष्य म्हणून कीर्तनाला उभे राहत होते. ज्ञानेश्वरीची प्रतही त्यांनी संपादली. एकाच माणसात हे सारे नांदले, आणि त्यांची निष्ठा कमी झाल्याचे कोणी म्हटलेले मी ऐकले नाही.

त्या तरुण महाराजांशी माझे पुढे बोलणे झाले. भला मुलगा आहे, रागावला नाही. त्याने विचारले, "मग बुवा, आजच्या काळी ताटीचा अधिकारी कोण धरायचा? ज्ञानोबाराय तर पुन्हा यायचे नाहीत." प्रश्न रास्त होता. मी त्याला आमच्या दिंडीतली गोष्ट सांगितली. आमच्याकडे एक मृदंगाचार्य होते, हात असा की नुसत्या ठेक्यावर माणूस नाचावा. एका वर्षी वाटेत क्रमावरून वाद झाला आणि चारचौघांत कोणी त्यांना लागेल असे बोलले. त्यांनी मृदंग गवसणीत घातला आणि घर गाठले. पुढे दोन वर्षे वारी नाही, भजन नाही, पोरांना शिकवणे बंद. शिकणारी पोरे दारातून परत जात.

मी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलो. समजुतीचे काही बोललो नाही. टाळ नेले होते, ताटीचे चार अभंग म्हटले, धृपदावर थोडा जास्त वेळ राहिलो, आणि चहा घेऊन निघालो. असे तीनचारदा केले. तिसऱ्या वर्षी आषाढीला ते दिंडीत आले. ज्या पोराच्या गळ्यात मधल्या काळात मृदंग आला होता त्याच्याच गळ्यात तो त्यांनी राहू दिला, आणि वाखरीपर्यंत त्याच्या शेजारून चालत हाताने ताल दाखवत राहिले.